वापर की व्यापार

अनलिमिटेड या शब्दावर माझा आजही राग आहे. हॉटेलाबाहेर 'अनलिमिटेड थाळी' अशी पाटी दिसली की मी सरळ पुढच्या हॉटेलात जातो. बायको म्हणते, "अहो, किती वर्षं डोक्यात धरून ठेवणार आहात?" मी म्हणतो, मरेपर्यंत. ज्या माणसाने हा शब्द एका रंगीत पुठ्ठ्याच्या डब्यावर छापला आणि तो डबा आमच्या उज्जैनमधल्या माधवनगरच्या दुकानापर्यंत पोचवला, तो मला कधी भेटला नाही हे त्याचं नशीब.

डब्यात एक सीडी होती आणि एक कागद, त्यावर खात्याचं नाव नि पासवर्ड. तो काळच तसा होता. रोज काहीतरी नवीन खुलं होत होतं. टीव्हीवर चॅनेलं वाढली, रस्त्यावर नव्या गाड्या आल्या, आणि आता इंटरनेटही प्रायव्हेट कंपन्या विकायला लागल्या होत्या. बाकीचे तासांवर विकायचे, तास संपले की खातं संपलं. ही एकच कंपनी म्हणत होती की महिन्याची ठरावीक रक्कम भरा आणि वाटेल तितका वेळ जोडलेले राहा. टेलिफोनचा आकार वेगळा पडायचा, पण निदान कंपनी तरी तास मोजणार नव्हती. मी तो डबा बाबांसाठी घेतला, त्यांच्याच नावावर.

बाबांना बोलता येत नव्हतं. म्हणजे जन्मापासून नाही. पस्तीस वर्षं त्यांनी हिंदी मीडियमच्या शाळेत गणित शिकवलं, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरच्या पोराला डुलकी काढायची सोय नव्हती. रिटायर झाल्यावर तिसऱ्या वर्षी त्याच घशात गाठ निघाली. मुंबईच्या दवाखान्यात नेऊन स्वरयंत्र काढलं. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याच्या खळगीत श्वासासाठी एक भोक, त्यावर जाळीचा पांढरा रुमाल आणि हातात पाटी-पेन्सिल, असे ते नानाखेड्याच्या घरी परत आले. हवा गिळून बोलायला शिकवतात, तेही त्यांनी आठवडाभर करून पाहिलं. मग पाटीवर लिहिलं, "आता ढेकरा देऊन बोलू का?" आणि तो विषय बंद केला.

माणूस मुका झाला की काय होतं ते मी तेव्हा पाहिलं. आधी लोक त्याच्याशी ओरडून बोलायला लागतात, जणू कानच गेलेत. मग कमी बोलतात. मग त्याच्यासमोर त्याच्याविषयी दुसऱ्यालाच विचारतात, "अब कैसे हैं बाबूजी?" आणि बाबूजी तिथेच बसलेले. पाटीवर लिहून होईस्तोवर थांबायला कोणाला वेळ असतो? मीही त्यातलाच, खोटं कशाला बोलू. ते तिसरा शब्द लिहीत असायचे आणि मी पुढचं ओळखून उत्तर देऊन मोकळा व्हायचो. पुष्कळदा चुकीचं ओळखायचो. ते मग पाटी पुसून टाकायचे.

एकच माणूस होता ज्याच्यापुढे बाबा मुके नव्हते. दवाखान्यात ऑपरेशननंतर शेजारच्या खाटेवर नाशिकचे एक काका होते. जन्मभर कोर्टाच्या दारात उभं राहून लोकांची नावं पुकारायचं काम केलेलं, आणि आता त्यांचाही गळा बाबांसारखाच. दोघे एकाच वहीत आळीपाळीने लिहून भांडायचे, नर्स वैतागायच्या. घरी आल्यावर पोस्टकार्डं सुरू झाली. पण कार्डाला जायला चार दिवस, यायला चार दिवस, त्यात काय गप्पा होणार? मग काकांच्या मुलाने कॉम्प्युटर घेतला, आणि मीही ऑफिसातल्या एकाचा जुना घेतला.

तेव्हापासून आमच्या घरात सकाळी आठला मोडेम किंचाळायचा. बाबा एका बोटाने रोमन अक्षरांत मराठी लिहायचे. काय मोठं ज्ञान सांगत होते असं नाही. दूध नासलं. पेपर उशिरा आला. सून उपम्यात फार तिखट घालते. मग बाबा पेपर उघडायचे, तिकडे काका पूजेला बसायचे, लाइन चालूच. पंधरा मिनिटांनी कोणाला काही सुचलं की तो दोन शब्द टाइप करायचा. शेजारचा माणूस सकाळी ओट्यावर येऊन टेकतो, बोलतो, मधेच गप्प बसतो, तसं ते होतं. बारा वाजता जेवणाआधी बाबा "yeto" लिहायचे आणि तिकडून "ya" यायचं. 'जातो' म्हणायचं नाही हे त्यांनी तिथेही पाळलं, आणि येतो म्हटल्याशिवाय लाइन काढायची नाही असा नियम केला. फोनची लाइन एकच, नेट चालू असलं की फोन बंद. एकदा बायकोला भोपाळला माहेरी फोन करायचा होता म्हणून तिने मधेच वायर काढली, तर बाबांची पाटी दोन दिवस कोरी होती.

रोजचे चार तास. याला कंपनीच्या भाषेत हेवी यूजर म्हणतात हे आम्हाला फार उशिरा कळलं.

चौथ्या महिन्यात एका सकाळी बाबांनी टाळ्या वाजवल्या. मला हाक मारायची त्यांची ती पद्धत. मी अर्धी दाढी झालेली तशीच घेऊन आलो. लाइन तुटली होती. परत लावली, परत तुटली. तिसऱ्यांदा पडद्यावर इंग्रजीत चौकट आली की तुमच्या खात्यावर निर्बंध घालण्यात आला आहे, हेल्पलाइनशी बोला. बाबांचं वाक्य तिथे अर्धंच राहिलं होतं. 'येतो'सुद्धा म्हणायचं राहिलं होतं.

हेल्पलाइनला वीस मिनिटं पिपाणीसारखं काहीतरी ऐकल्यावर एक मुलगी आली. गोड बोलत होती, हेच जास्त डोक्यात गेलं.

"सर, आप हेवी यूजर की कैटेगरी में आ गए हैं।"

"मतलब?"

"मतलब आपका यूसेज बहुत ज़्यादा है।"

"पर हमने तो अनलिमिटेड लिया है।"

"जी सर, अनलिमिटेड ही है। बस उसमें लिमिट है।"

मी रिसीव्हर कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. मग विचारलं, "कितनी लिमिट?"

"वो सर, हमें बताया नहीं गया है।"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मर्यादा आहे, ती आम्ही ओलांडली आहे, पण ती किती आहे ते कोणाला ठाऊक नाही. आता आम्हाला दिवसाचा अर्धा तास मिळणार होता. शिवाय तिच्या बोलण्यातून कळलं की इतका वेळ रोज जोडलेलं राहणारं खातं म्हणजे घरात सायबर कॅफे चालवणारं खातं, असा त्यांचा संशय होता. तसं नसेल तर लेखी खुलासा पाठवा, म्हणाली.

आता लेखी म्हटल्यावर मला जोर चढला. मी एका सरकारी खात्यात बाबू होतो आणि माझं हिंदी ड्राफ्टिंग ऑफिसात एक नंबरचं समजलं जायचं. साहेबांची अवघड पत्रं माझ्याकडे यायची. मी ऐटीत बसून पानभर अर्ज लिहिला, स्वतःच्या अक्षरात, बाबांच्या सहीने. बाबांचं ऑपरेशन, त्यांचे नाशिकचे मित्र, दोघांचं न बोलता येणं, सगळं घातलं. आणि ठसक्यात लिहिलं, "हम घर में प्रतिदिन चार घंटे इंटरनेट का वापर करते हैं। यह वापर हमारे लिए अत्यंत आवश्यक है।" माधवनगरहून कंपनीच्या दिल्लीच्या ऑफिसला फॅक्स केला आणि घरी येऊन बाबांना म्हटलं, "बघाच, आठ दिवसांत काम होतं की नाही."

आठाचे वीस दिवस झाले. तोवर रोजचा अर्धा तास होता, पण तो न मिळता तरी बरं झालं असतं. बाबा घड्याळ समोर ठेवून बसायचे. एरवी चार तासांत ज्यांना दहा वाक्यं पुरायची, त्यांना अर्ध्या तासात एकही सुचेना. "Kase ahat." "Bara ahe." "Tumhi?" मग दोघेही गप्प. मिनिटं चालली आहेत हे डोक्यात असलं की माणूस गप्पा कसा मारणार? अठ्ठावीस मिनिटं झाली की बाबा स्वतःच उठून जायचे, लाइन तुटायच्या आत. पाटीही कमी व्हायला लागली. भाजी कोणती करू विचारलं तर हाताने काहीही, अशी खूण. मला आतून भीती वाटायला लागली होती, आणि भीती वाटली की मी चिडतो. मी घरात सगळ्यांवर चिडत होतो.

मग पत्र आलं. छापील, कंपनीच्या शिक्क्याचं. "आपने अपने पत्र में स्वयं स्वीकार किया है कि आप घर में प्रतिदिन चार घंटे इंटरनेट का व्यापार करते हैं तथा यह व्यापार आपके लिए अत्यंत आवश्यक है।" म्हणून घरगुती खातं तत्काळ बंद. अर्धा तासही गेला.

मी घरात नाचायचा बाकी राहिलो. चोर, लबाड, माझ्या तोंडी हे शब्द घालतात, कोर्टात खेचतो, वगैरे. बायकोने माझ्या हातून पत्र घेतलं, फॅक्सची प्रत काढली आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचली.

"अहो, तुम्ही वापर लिहिलंय."

"मग? वापरच लिहिणार ना."

"हिंदीत वापर नसतं."

"नसतं म्हणजे काय? सगळे म्हणतात. परवा तो किराणेवाला तुला म्हणाला, भाभीजी, ये तेल वापर के देखो."

"तो उज्जैनचा आहे," ती म्हणाली. "दिल्लीकडच्या माणसाने वापर कधी ऐकलाय? त्याला वाटलं, तुम्ही व्यापारच लिहिलंय आणि अक्षर खराब आहे."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी पाटी घेतली, एकच शब्द लिहिला, "उपयोग", आणि त्याच्याखाली रेघ मारून "दहापैकी शून्य." बायको हसली. मला हसू येईना. वीस वर्षं मी सरकारी हिंदी लिहितोय आणि हा शब्द हिंदीचा नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण सांगणारेही सगळे इथलेच. लाजेने मेल्यासारखं झालं. कंपनीने अर्धा तास तरी ठेवला होता, तो मी माझ्या हाताने घालवला.

मधल्या काळात बाबांना देवास गेटच्या एका सायबर कॅफेत नेऊन पाहिलं. प्लायवुडच्या खोपटात कोंदट हवा, शेजारी गोळीबाराचे खेळ चाललेले, आणि मालक बाबांच्या कानाशी येऊन ओरडला, "बाबूजी, चैटिंग करोगे?" पाचव्या मिनिटाला बाबांना खोकल्याची उबळ आली, गळ्याच्या भोकातून कफ बाहेर आला आणि पोरं वळून बघायला लागली. घरी येताना रिक्षात त्यांनी पाटी मांडीवर उलटी ठेवली होती. परत तिथे गेलो नाही.

मी पुन्हा हेल्पलाइनला लागलो. आता 'उपयोग' म्हणायचं हे पाठ करून. यावेळी मुलगा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, चूक मान्यही केली. म्हणाला, होऊन जाईल सर, घरगुती खातं परत चालू करतो, चार तासही मंजूर करून देतो. फक्त खातं ज्यांच्या नावावर आहे त्यांनी स्वतः फोनवर येऊन सांगायचं, आवाजाची पडताळणी.

"भैया, वो बोल नहीं सकते। इसीलिए तो सारा झगड़ा है।"

"समझ गया सर। बस दो मिनट लगेंगे, उनको फोन दे दीजिए।"

"अरे, उनका गला नहीं है!"

"सर, प्रोसेस है। उनकी आवाज़ आनी चाहिए।"

मी आवाज चढवला तसा त्याने फोन दुसऱ्या कोणाकडे दिला. मुलगी आली. तिलाही मी पहिल्यापासून सांगायला घेतलं. एवढ्यात बाबांनी माझ्या हातून रिसीव्हर घेतला. का घेतला मला माहीत नाही. वाटलं असेल की निदान कोणीतरी आहे हे तरी तिला कळेल. ते रिसीव्हर कानाला लावून उभे राहिले, ताठ, वर्गात उभे राहायचे तसे. मला तिचं बोलणं बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. "हैलो? हैलो सर? सर, आपकी आवाज़ नहीं आ रही है। हैलो?" बाबांनी ओठ हलवले. "सर, आवाज़ बिलकुल नहीं आ रही," ती म्हणाली आणि फोन कट झाला.

बाबांनी रिसीव्हर नीट जागेवर ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मला इतकं वाईट वाटलं की मी तसाच ऑफिसला निघून गेलो. ऑफिसात एकाही कागदावर लक्ष लागलं नाही. डोक्यात एकच. बाबांनी बोलणं सोडलं तर? पाटीसुद्धा सोडली तर? नाशिकच्या काकांचं एक कार्ड येऊन पडलं होतं, "काय झालं, माझं काही चुकलं का?" त्याचं उत्तरही बाबांनी दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. दुपारी बाबा झोपलेत असं पाहून पुढच्या खोलीचं दार लोटलं आणि फोन लावला. काय बोलणार ते ठरवलं नव्हतं. पलीकडून मुलीने विचारलं, "सर, खाता आपके ही नाम पर है?" आणि माझ्या तोंडून निघालं, "ऐसा है देखो, बेटा."

तो माझा आवाज नव्हता. शाळेत असताना मित्रांमध्ये मी बाबांची नक्कल करायचो, छातीतून काढलेला खर्ज, मराठी वळणाचं हिंदी, दर दोन वाक्यांनी 'ऐसा है देखो'. पंचवीस वर्षांत कधी केली नव्हती. पण ती तिथेच होती, जशीच्या तशी.

"जी सर। आप खुद बोल रहे हैं?"

"और कौन बोलेगा? मैं ही बोल रहा हूँ।"

तिने जन्मतारीख विचारली, मी सांगितली. पत्ता विचारला, सांगितला. इंटरनेट कशासाठी लागतं विचारलं. मी म्हटलं, "ऐसा है देखो, मैं रिटायर्ड मास्टर हूँ। मेरा एक दोस्त है। हम सुबह बात करते हैं। घर में उपयोग करते हैं। लिखो बेटा, उपयोग। उ, प, यो, ग। व्यापार नहीं। हमारी सात पीढ़ियों में किसी ने व्यापार नहीं किया।" ती हसली आणि म्हणाली, "हो गया सर, कल सुबह तक चालू हो जाएगा।" खोटं बोललो, सरळ सरळ. मला त्याचं आजही काही वाटत नाही.

फोन ठेवून वळलो तर दार उघडं होतं आणि बाबा चौकटीत उभे होते. एक हात गळ्याच्या रुमालावर. किती वेळ उभे होते देव जाणे. मला वाटलं, रागावणार. मी म्हटलं, "बाबा, दुसरा काही इलाज नव्हता हो." संध्याकाळभर ते माझ्याकडे अधूनमधून बघत होते.

सकाळी आठला मोडेम किंचाळला, लाइन लागली आणि टिकली. अर्धा तास झाला तरी तुटली नाही. मी ऑफिसची पिशवी खांद्याला लावून त्यांच्या खुर्चीमागे उभा होतो, निघवत नव्हतं. त्यांचं बोट सावकाश चालत होतं. आधी त्यांनी कार्डाला उत्तर न दिल्याबद्दल माफी मागितली. मग लिहिलं, "Kal mulane phone var maza awaz kadhla."

तिकडून आलं, "Jamla?"

बाबांनी लिहिलं, "Hubehub. Thoda chidka. Pan mazach."

मग बराच वेळ काही आलं नाही. परत तुटली की काय म्हणून मी पुढे वाकून मोडेमचे दिवे पाहिले. दिवे चालू होते. मग एक ओळ आली.

"Mala pan aikaycha hota ho ekda."

त्या दोघांची गाठ ऑपरेशननंतर पडली होती. इतकी भांडणं झाली, इतक्या सकाळी गेल्या, पण नाशिकच्या काकांनी बाबांचा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

बाबांनी ती ओळ दोनदा वाचली असावी. मग लिहिलं, "Line kadha. Phone karto. Yeto." तिकडून "ya" आलं तसे उठले, आपल्या हाताने मोडेमची वायर उपटली आणि फोनला लावली. नाशिकचा नंबर त्यांना पाठ होता. तो त्यांनी स्वतः फिरवला आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

तिकडे कोणीतरी उचलला. हॅलो कोणी म्हणालं नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. बाबा माझ्या अगदी जवळ येऊन उभे राहिले, आणि मी बोलायला लागलो.